दाखला कोणत्या प्रश्नाचा?

‘प्रयोगशाळेत सिद्ध’ या शब्दांना दंतोपचाराच्या व्यवहारात आज जे वजन आलं आहे, ते त्यांना पेलणारं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवशिवणाऱ्या दातांची पेस्ट असो, पोकळीत भरायचं सिमेंट असो की जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा इम्प्लांट. चाचणीचा दाखला पुढे केला की चर्चा थांबते. रुग्ण निश्चिंत होतो, विक्रेता पुढच्या दवाखान्यात जातो आणि पुष्कळदा डॉक्टरही त्यापलीकडे काही विचारत नाहीत. प्रयोगशाळेबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच तिने जे सांगितलेलं नाही ते तिच्या तोंडी घालणं मला मान्य नाही.

पूर्वपक्ष आधी पूर्ण बळानिशी मांडतो. रुग्णाचं सांगणं बेभरवशाचं असतं. आज दुखतं, उद्या दुखत नाही. डॉक्टरांवर विश्वास बसला की निम्मं दुखणं खुर्चीतच थांबतं. डॉक्टरांचा अनुभवही एकांगी होतो, कारण ज्याचं काम बिघडलं तो रुग्ण बहुधा दुसरा दवाखाना गाठतो आणि पहिल्या डॉक्टरांना आपलं यशच दिसत राहतं. यंत्राला आशा नसते, भीती नसते, कुणाची भीडही नसते. तापमान, दाब, वेळ सगळं आधी ठरवता येतं आणि दुसऱ्या देशातल्या माणसाला तोच प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. तेव्हा तोंडाहून कठोर परिस्थितीत जी वस्तू टिकली ती तोंडातही टिकेल, असं मानायला हरकत काय? यातली शेवटचं सोडून सगळी विधानं मला मान्य आहेत. हरकत आहे ती शेवटच्या उडीला.

शिवशिवण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे प्रयोगशाळेचं यश खरोखर मोठं आहे. एनॅमलच्या आत डेंटिनचा थर असतो आणि त्यातून नसेकडे जाणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. बाहेरच्या बाजूला एका चौरस मिलिमीटरमध्ये वीस हजारांच्या आसपास, नसेजवळ त्याच्या दुपटीहून जास्त. हिरडी खाली सरकली, किंवा मशेरी घासून वा ब्रश आडवा रगडून दाताची मान झिजली, की या नलिकांची तोंडं उघडी पडतात. गार पाण्याचा घोट घेतला की नलिकांतला द्रव हलतो आणि आतल्या टोकाशी असलेले चेतातंतू चाळवतात. या कल्पनेची बीजं १९०० साली आल्फ्रेड गायसी यांच्या लेखनात सापडतात, पण प्रयोगांच्या आधारावर ती उभी केली स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी, १९६०च्या दशकात. पुढे १९८७ साली अब्सी, अ‍ॅडी आणि अ‍ॅडम्स या ब्रिटनमधल्या संशोधकांनी शिवशिवणारे आणि न शिवशिवणारे दात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिले. शिवशिवणाऱ्या दातावर उघड्या नलिका सुमारे आठपट होत्या आणि त्यांचा व्यास जवळपास दुप्पट होता. बारीक नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घाताने वाढतो. व्यास दुप्पट झाला की प्रवाह सोळापट. आठाला सोळाने गुणलं की शंभराच्या वर आकडा जातो, आणि शेजारशेजारच्या दोन दातांपैकी एकच आइस्क्रीमने का कळवळतो हे समजतं. कितीही रुग्णांच्या तक्रारी ऐकून हे कळलं नसतं.

या समजुतीतूनच डेंटिनच्या चकतीची चाचणी रुजली. १९७४ साली अमेरिकेत आउथवेट, मॅकेन्झी आणि पॅश्ली यांनी तिच्यासाठी दोन कप्प्यांचं उपकरण तयार केलं. काढलेली अक्कलदाढ घ्यायची. पाण्याच्या धारेखाली संथ फिरणाऱ्या हिऱ्याच्या पात्याने तिचा आडवा काप घ्यायचा, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. कापताना निघालेला भुगा नलिकांच्या तोंडावर लिंपला जातो, म्हणून तो सायट्रिक आम्लाने धुऊन काढायचा. मग चकती दोन रबरी कड्यांमध्ये घट्ट आवळून एका बाजूने दाबाखाली द्रव सोडायचा. वाटेतल्या केशनळीत हवेचा एक बुडबुडा ठेवलेला असतो. तो मिनिटाला किती सरकतो ते मोजायचं. चकतीवर पेस्ट चोळून पुन्हा मोजायचं. बुडबुडा मंदावला म्हणजे नलिका बुजल्या. १९८१ साली ग्रीनहिल आणि पॅश्ली यांनी शिवशिव थांबवणाऱ्या अनेक द्रव्यांची अशीच परीक्षा घेतली. इतक्या साध्या सामग्रीने इतका नेमका निकाल देणारे प्रयोग दंतशास्त्रात थोडेच आहेत.

पण या प्रयोगात प्रश्न एकच विचारलेला आहे: द्रवाला अडथळा झाला का? चकतीला नस नाही, तेव्हा तिला दुखतही नाही. तिच्यावरून लाळ वाहत नाही, जीभ फिरत नाही, आणि जेवताना दोन पेले कोकम सरबतही जात नाही. नलिकांत बसलेली बुचं पुष्कळदा कॅल्शियमच्या क्षारांची असतात आणि लिंबू, चिंच, कोकम यांच्या आम्लात असे क्षार विरघळू शकतात. चांगल्या प्रयोगशाळा म्हणूनच पेस्ट लावल्यावर चकतीवर आम्ल सोडतात आणि बुडबुडा पुन्हा मोजतात. ज्या दाखल्यात ही दुसरी पायरी नाही, तो पेस्ट लावल्यानंतरच्या काही मिनिटांचा दाखला आहे. खोक्यावरचं बुजलेल्या नलिकांचं चित्र पाहताना ते आम्लाआधीचं आहे की नंतरचं, हे कुणीतरी विचारायला हवं. सहसा कुणी विचारत नाही.

हीच गोष्ट उलट दिशेनेही खरी आहे, आणि माझ्या मते पूर्वपक्षावरचा मोठा घाव तिथेच बसतो. शिवशिवीच्या अनेक पेस्टमध्ये पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असतं. १९७४ साली मिल्टन होडोश यांनी त्याची शिफारस केली. ते नलिका बुजवत नाही. पोटॅशियम आत झिरपून चेतातंतूंची संवेदना मंद करतं, असा त्यामागचा सिद्धान्त आहे. ही पेस्ट चकतीवर तपासली तर तिच्यातल्या पोटॅशियमला काहीही गुण मिळणार नाहीत, कारण ते ज्या तंतूंवर काम करतं ते चकतीत नाहीतच. मग पोटॅशियम निकामी ठरलं का? चकतीला तसं म्हणण्याचा अधिकार नाही. त्याचा निवाडा रुग्णांवरच्या तुलनात्मक चाचण्यांनीच व्हायचा. आणि तिथे काय दिसलं? साधी पेस्ट वापरणाऱ्या गटाचेही दात लक्षणीय प्रमाणात शांत झाले. अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००६ सालच्या कॉक्रेन आढाव्याने पोटॅशियमच्या बाजूचा पुरावा भक्कम नाही असाच निष्कर्ष काढला. म्हणजे ज्याला चकतीवर शून्य मिळतं ते तोंडात कदाचित उपयोगी पडेल, आणि जी पेस्ट चकतीवर पहिली येते ती तोंडात साध्या पेस्टहून सरस ठरेलच असं नाही. चाचणीचा निकाल कृतीच्या सिद्धान्तापासून तोडून सांगितला की त्याला काही अर्थ उरत नाही.

याहून बोलकं उदाहरण आपल्या घराघरातलं आहे. दाढ ठणकली की लवंगेचं तेल लावायचं, हे आजीपासून चालत आलेलं. त्यातलं मुख्य द्रव्य युजेनॉल. झिंक ऑक्साइडबरोबर ते कालवून झालेलं सिमेंट दंतवैद्य पिढ्यान्‌पिढ्या खोल पोकळीत भरत आले आणि खाली नस निवांत राहिली. आता हेच सिमेंट जैविक सुरक्षिततेच्या नेहमीच्या पहिल्या चाचणीला बसवा. उंदराच्या एल-९२९ नावाच्या पेशी थाळीत वाढवतात, त्यांच्यावर पदार्थाचा अर्क सोडतात, आणि जिवंत पेशींचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या खाली गेलं की पदार्थ पेशींना विषारी ठरतो. ताजं युजेनॉल सिमेंट या परीक्षेत सपशेल नापास होतं. थाळी खोटं बोलली का? मुळीच नाही. उघड्या नसेवर ते सिमेंट थेट लागलं तर घातच करतं. पण दातात मध्ये डेंटिन असतं. त्यातून झिरपताना युजेनॉलची तीव्रता सुमारे शंभरपटीने उतरते आणि जे आत मारक ठरलं असतं तेच शामक ठरतं. दंतसाहित्यासाठीच्या आयएसओ ७४०५ या मानकात पेशी आणि पदार्थ यांच्यामध्ये डेंटिनचा पडदा ठेवून करायची वेगळी चाचणी आहे, ती याचसाठी. प्रश्न बदलला, उत्तर बदललं. पदार्थ तोच होता.

आता इम्प्लांटकडे येतो. इथे गैरसमजाची किंमत पेस्टच्या कितीतरी पट आहे, पैशानेही आणि हाडानेही.

इम्प्लांटच्या मजबुतीसाठी आयएसओ १४८०१ हे मानक वापरतात. इम्प्लांट, त्यावरचा जोडभाग आणि तो आवळणारा स्क्रू अशी पूर्ण जोडणी तीस अंशांत तिरपी धरतात. हाडाची पातळी मुद्दाम तीन मिलिमीटर खाली धरतात, जणू काही वर्षांत हाड तेवढं झिजलं आहे. मग वरून ठोके देतात. कोरड्या हवेत पन्नास लाख ठोके, सेकंदाला जास्तीत जास्त पंधरा. द्रवात बुडवून चाचणी केली तर वीस लाख, सेकंदाला जास्तीत जास्त दोन. हिशेब करून पाहा. सेकंदाला पंधराच्या वेगाने पन्नास लाख ठोके चार दिवसांच्या आत संपतात. द्रवातली चाचणी साडेअकरा दिवसांत होते. तिरपा कोन, झिजलेलं हाड, लाखो ठोके: परीक्षा कडक आहे यात वाद नाही.

पण दवाखान्यात ‘हा इम्प्लांट आयएसओ १४८०१ पास आहे’ असं जे सांगितलं जातं, ते वाक्यच मुळात सदोष आहे. हे मानक परीक्षा कशी घ्यावी ते सांगतं. अमुक भार पेलला तर उत्तीर्ण, असा गुणांक त्यात दिलेलाच नाही. निरनिराळ्या रचनांची आणि मापांची आपसात तुलना करण्यासाठी ते आहे. इतकंच काय, रुग्णाच्या तोंडातल्या कामगिरीचं भाकीत करायला ही पद्धत लागू नाही, असं त्या मानकातच नोंदवलेलं आहे. ज्यांनी परीक्षा तयार केली त्यांनी तिची मर्यादा पहिल्याच प्रकरणात लिहून ठेवली. ती पुसली गेली विक्रीच्या वाटेवर.

आणखी एक बाब आपल्याकडे फारच दुर्लक्षित राहते. ती चाचणी पूर्ण जोडणीची असते. इम्प्लांट एका कंपनीचा घ्यायचा आणि खर्च वाचवण्यासाठी वरचा जोडभाग ‘बसतो ना, मग झालं’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा लावायचा, असं सर्रास चालतं. त्या क्षणी मूळ दाखला रद्द समजावा. दोन धातूंच्या भागांमध्ये केसाहून बारीक फट राहिली तरी स्क्रूवर येणारा ताण बदलतो, आणि त्या जोडीची परीक्षा कुणीही घेतलेली नसते. सुपारी फोडणाऱ्या दाढेखाली तर हा विचार दुप्पट गांभीर्याने व्हायला हवा.

आणि समजा धातू शंभर वर्षं मोडला नाही. इम्प्लांट बहुतेक वेळा मोडून जात नाहीत. त्यांच्याभोवतीचं हाड जातं. डर्क्स आणि तोमासी यांनी २०१५ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजण्याचं सरासरी प्रमाण रुग्णांमध्ये ४३ टक्के आणि हाडापर्यंत गेलेल्या विकाराचं २२ टक्के आढळलं. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या ५९६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. नऊ वर्षांनंतर त्यांच्यातल्या १४.५ टक्क्यांना मध्यम ते तीव्र स्वरूपाचा विकार होता. ही ज्या देशात इम्प्लांटचा जन्म झाला तिथली स्थिती. ठोके देणाऱ्या यंत्रात जंतू नसतात. त्यात तंबाखू नसते, आटोक्यात नसलेला मधुमेह नसतो, दोन वर्षं तपासणीला न आलेला रुग्ण नसतो. कारण कधीकधी अगदी क्षुल्लक असतं. अमेरिकेतले थॉमस विल्सन यांनी २००९ साली सूज आलेल्या इम्प्लांटभोवती हिरडीच्या आत सूक्ष्म दुर्बीण घालून पाहिलं, तर ८१ टक्के ठिकाणी कॅप चिकटवताना बाहेर आलेलं जादा सिमेंट तसंच राहिलेलं होतं. ते काढल्यावर बहुतेक ठिकाणची सूज गेली. टायटॅनियम निर्दोष, सिमेंट निर्दोष, दोघांचे दाखले निर्दोष. आणि हाड झिजत चाललेलं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग प्रयोगशाळा हवीच कशाला? डॉक्टरांचा हात आणि रुग्णांचा अनुभव पुरे. हा दुसऱ्या टोकाचा समज पहिल्याहून घातक आहे, आणि त्याचं खंडन करायला जबड्याच्याच एका उपचाराचा इतिहास पुरेसा आहे.

त्याची सुरुवात मात्र खुब्यापासून होते. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या कृत्रिम सांध्यात टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन निसरडं, रासायनिकदृष्ट्या स्थिर, शरीराला न बोचणारं. रुग्ण चालू लागले, सगळे खूश झाले. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या आणि झिजेच्या कणांभोवती शरीराने दाहक गाठी उठवल्या. चार्नलींना ते सांधे काढावे लागले. त्यानंतर १९६२ साली त्यांच्या कार्यशाळेतल्या हॅरी क्रेव्हन यांनी एक नवं पॉलिथिलीन घासणीच्या यंत्रावर चढवलं. चार्नलींना ते आधी पसंत नव्हतं. पण तीन आठवडे यंत्र चालल्यावरही त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षा कमी होती. ज्यावर पुढे जगभरातले कृत्रिम सांधे उभे राहिले तो पदार्थ असा, एका यंत्राच्या साक्षीवर निवडला गेला.

हा धडा छापील स्वरूपात उपलब्ध असताना अमेरिकेत व्हिटेक नावाच्या कंपनीने कानापुढच्या जबड्याच्या सांध्यात बसवायला टेफ्लॉनचाच थर असलेलं रोपण बाजारात आणलं. १९८३ साली त्याला आधीच्या उत्पादनांशी ‘समतुल्य’ म्हणून परवानगी मिळाली. सुरुवातीला रुग्णांना बरं वाटलं, शल्यविशारदांचा अनुभवही चांगला होता. जबड्याच्या भाराखाली ते रोपण फाटलं, झिजलं. कणांभोवती तशाच दाहक पेशी जमल्या आणि सांध्याचं हाड खाल्लं गेलं. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने धोक्याची सूचना काढली आणि रोपणं परत बोलावण्यात आली. तोवर हजारो रुग्णांच्या जबड्यांत ती बसलेली होती. घासणीच्या यंत्रावरचे काही आठवडे हे सगळं आधीच दाखवू शकले असते. प्रश्न ठाऊक होता. तो विचारला गेला नाही.

म्हणून माझं प्रतिपादन असं आहे. प्रयोगशाळेचं काम धोका रुग्णापर्यंत पोचण्याआधी अडवण्याचं आहे, आणि ते काम दुसरं कुणीही करू शकत नाही. पण तिथून सुटलेली वस्तू सिद्ध झालेली नसते, तिला फक्त पुढच्या परीक्षेला बसण्याची परवानगी मिळालेली असते. ती पुढची परीक्षा काय असते हे इम्प्लांटचे जनक, स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रेनेमार्क यांनी दाखवून दिलं. सशाच्या हाडात टायटॅनियम घट्ट रुजतं हे १९५०च्या दशकात त्यांच्या ध्यानात आलं. पहिल्या माणसाच्या, योस्टा लार्सन यांच्या, जबड्यात इम्प्लांट बसले १९६५ साली. आणि १९८१ साली त्यांच्या गटाने पंधरा वर्षांच्या कालखंडाचा अहवाल दिला: ३७१ रुग्ण, २,७६८ इम्प्लांट, किती टिकले आणि किती गेले. लार्सन २००६ साली वारले तेव्हा त्यांचे इम्प्लांट कामात होते. आज इम्प्लांट म्हणून जे विकलं जातं ते या पंधरा वर्षांच्या पुण्याईवर. प्रत्येक नव्या नमुन्याने ती पुण्याई नव्याने कमावलेली नसते. अमेरिकेने २००४ साली दंतमूळाच्या आकाराचे इम्प्लांट तुलनेने कमी जोखमीच्या वर्गात हलवले आणि समतुल्यतेची वाट रुंद झाली. आपल्याकडे २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी जोखमीनुसार चार वर्ग केले, परवाना सक्तीचा केला, हे चांगलं पाऊल होतं. पण परवाना म्हणजे तुमच्या जबड्यातल्या दहा वर्षांची हमी नव्हे.

वाचकांना एक विनंती आहे. पेस्टचा दावा वाचलात तर ती नलिका बुजवते की नस शांत करते, आणि रुग्णांवर तिची साध्या पेस्टशी तुलना झाली आहे का, हे दंतवैद्यांना विचारा. इम्प्लांट बसवण्याआधी या नेमक्या नमुन्याचे पाच-दहा वर्षांचे निकाल प्रसिद्ध आहेत का, वरचा जोडभाग त्याच कंपनीचा आहे का, कॅप सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने आवळणार, आणि सिमेंट असेल तर जादा सिमेंट निघालं हे कसं पाहणार, असे प्रश्न विचारा. पाकिटावरचं नमुन्याचं नाव आणि लॉट क्रमांक असलेलं लेबल मागून घ्या आणि घरच्या फाइलमध्ये लावा. वीस वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरांना स्क्रू बदलायचा असेल तेव्हा तेच कामी येईल. चांगल्या दंतवैद्याला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्यांना येतो, त्यांच्याकडे हाडात काही बसवून घेऊ नका.